मांजरेचं पाणी अंदमानला: एका चुकलेल्या समुद्र-नकाशाचं प्रकरण

२८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. आमच्या कॉलेजच्या प्रदर्शनात भौतिकशास्त्राच्या टेबलामागं सहा बाय चारचं फ्लेक्स टांगलेलं होतं: 'मांजरेचं पाणी जातं कुठं?' मांजरा ही आमच्या लातूरची नदी, पुढं गोदावरीला मिळणारी. टेबलावर लॅपटॉप. पडद्यावर बंगालचा उपसागर, आणि गोदावरीच्या मुखाशी सोडलेले पिवळे ठिपके मागं शेपट्या ओढत आग्नेयेला निघालेले. आमचं उत्तर फ्लेक्सवरच छापलं होतं: अंदमानकडं. येईल त्याला पोरं तेच सांगत होती आणि मीही सांगत होतो. प्रमुख पाहुण्यांनी तर आपल्या भाषणात 'लातूरचं पाणी अंदमानला पोचलं, आपण कधी पोचणार' असं काहीतरी जोडून टाळ्या घेतल्या.

ते उत्तर चुकीचं होतं. ठिपके ज्या दिशेनं जायला हवे होते तिच्यापासून जवळपास काटकोनात वळलेले होते. ते तसे का वळले आणि अख्ख्या दिवसात एकालाही शंका का आली नाही, यासाठी हे प्रकरण लिहून ठेवतो आहे. यातला दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

समुद्र नसलेल्या गावात

लातूरहून सरळ रेषेत कोकणचा किनारा साडेतीनशे किलोमीटरहून लांब, आणि पूर्वेचा त्याहूनही लांब. आमच्या गटात सात जण होते, त्यातल्या दोघांनीच समुद्र पाहिलेला, तोही गणपतीपुळ्याला सहलीत. मग हा विषय कशाला घेतला? तर दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय ठरवताना औशाची एक मुलगी म्हणाली, "सर, मांजरा गोदावरीला मिळती, गोदावरी समुद्राला मिळती. पुढं?" पाठ्यपुस्तक नदी समुद्राला मिळवून मोकळं होतं. पुढं काय होतं, याचं उत्तर मलाही नीट देता येईना.

प्रयोगशाळेतले मामा तिथंच ब्यूरेट धूत होते. ते म्हणाले, "समुद्रात जायच्या आधी नदीत पाणी लागतंय की, सर. धरणाची दारं उघडल्याली कधी बघितलाव?" आम्ही हसलो. त्यांच्या प्रश्नाकडं पुन्हा यावं लागणार आहे.

समुद्रावरचे प्रवाह पूर्वी जहाजांच्या नोंदवह्यांतून कळायचे. कप्तानानं धरलेली दिशा आणि जहाज प्रत्यक्षात पोचलं ती जागा, यातला फरक म्हणजे वाटेतल्या पाण्यानं केलेली ओढाताण. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकन नौदलातल्या मॅथ्यू मॉरीनं अशा ढीगभर वह्या गोळा करून वाऱ्यांचे आणि प्रवाहांचे नकाशे केले. जहाजांचा राबता नसलेला भाग मात्र नकाशात कोराच राहायचा.

उपग्रहानं चित्र बदललं, पण उपग्रहाला प्रवाह दिसत नाही. माझ्या मुलांना वाटत होतं की वरून कॅमेऱ्यानं वाहतं पाणी टिपतात. प्रत्यक्षात उपग्रह फक्त उंची मोजतो. रडारचा स्पंद खाली सोडायचा, पाण्यावर आपटून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. उपग्रहाची स्वतःची कक्षा नेमकी ठाऊक असते. त्यातून अंतर वजा केलं की समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मिळते. अमेरिका आणि फ्रान्सचा टोपेक्स-पोसायडन ऑगस्ट १९९२ मध्ये सोडला गेला. १३३६ किलोमीटरवरून तो ही उंची काही सेंटीमीटरच्या अचूकतेनं मोजायचा आणि साधारण दहा दिवसांनी पुन्हा त्याच वाटेवर यायचा. पुढं त्याच वाटेनं जेसन मालिका आली. भारत आणि फ्रान्सचा 'सरल' २५ फेब्रुवारी २०१३ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीनं गेला. या सगळ्यांची मोजणी एकत्र करून जगभराचा रोजचा नकाशा बनवतात. युरोपच्या कोपर्निकस सागरी सेवेकडं तो १ जानेवारी १९९३ पासूनचा फुकट मिळतो, फक्त नाव नोंदवावं लागतं. (१९९३ म्हटलं की आमच्याकडं दुसरंच काही आठवतं. मुलांनी पहिली फाइल ३० सप्टेंबर १९९३ ची उतरवली. का, हे लातूरकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.)

आम्ही घेतलेली जाळी पाव अंशाची होती, म्हणजे आपल्या अक्षांशांवर दर २७-२८ किलोमीटरला एक आकडा. तेवढ्यावर हुरळून जायचं नाही, हे मी सुरुवातीलाच बजावलं होतं. टोपेक्सच्या दोन शेजारच्या वाटांमध्ये विषुववृत्तावर तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर असतं. बाकीचे उपग्रह मधल्या फटी भरतात, तरी जाळी पाव अंशाची आहे म्हणून नजरही तेवढीच बारीक आहे असं होत नाही. शंभर किलोमीटरच्या आतले भोवरे त्या नकाशात बहुतेक पुसलेले असतात. डिसेंबर २०२२ मध्ये गेलेला स्वॉट हा उपग्रह एका रेषेऐवजी १२० किलोमीटरचा पट्टा मोजतो, तो याच अडचणीवरचा इलाज.

चढ उजव्या हाताला

उंचीवरून प्रवाह काढायचा कसा, इथं खरी गंमत आहे, आणि आमच्या चुकीचं बीही इथंच पडलं.

आमच्याकडच्या पोरांना उताराचं शिकवावं लागत नाही. पाणलोटाची कामं गावोगाव झालेली आहेत. 'माथा ते पायथा' हे शब्द त्यांनी ग्रामसभेत ऐकलेत, सुट्टीत सलग समतल चर खोदायला गेलेली मुलंही वर्गात आहेत. पाणी चढाकडून उताराकडं जातं आणि आपण समतलावर चर मारून त्याला आडवं थांबवतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे.

मोठ्या समुद्रावर पाणी तसं वागत नाही. उंच भागातलं पाणी सखल भागाकडं निघतं खरं, पण पृथ्वीच्या फिरण्यामुळं उत्तर गोलार्धात ते सतत उजवीकडं वळत राहतं. काही दिवसांत दोन्ही ओढी बरोबरीला येतात, आणि पाणी उताराला आडवं, समोच्च रेषेच्या (म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेच्या) कडेकडेनं वाहू लागतं. वाहत्या पाण्यात तोंड पुढं करून उभं राहिलात तर चढ उजव्या हाताला आणि उतार डाव्या हाताला. मी फळ्यावर शेत काढून दाखवलं: समजा पाणी बांध फोडून खाली न जाता बांधाच्या कडेनंच गाव ओलांडून गेलं, तर ते समुद्रासारखं. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. पटलं होतं असं आता म्हणवत नाही.

आकडे घेऊन बघा. आंध्रच्या किनाऱ्याजवळ, साडेपंधरा अंश उत्तरेला, किनाऱ्याकडं पाणी उंच आणि शंभर किलोमीटर आत २० सेंटीमीटर खाली आहे असं धरा. हा उतार किलोमीटरला २ मिलिमीटर. एवढ्या ढाळावर आपल्याकडचा पाट वाहणारही नाही. पण त्या अक्षांशावर सूत्रात घातलं की वेग सेकंदाला अर्धा मीटर येतो, म्हणजे दिवसाला ४३ किलोमीटर. सूत्र छोटंसं आहे. उताराला गुरुत्वाकर्षणाच्या आकड्यानं गुणायचं आणि पृथ्वीच्या फिरण्याच्या त्या अक्षांशावरच्या परिणामानं भागायचं. पूर्व-पश्चिम उतारावरून उत्तर-दक्षिण वेग मिळतो, आणि उत्तर-दक्षिण उतारावरून पूर्व-पश्चिम वेग, तोही उलट चिन्हानं. हे उलट चिन्ह लक्षात ठेवा.

उंची कशापासून मोजायची, हाही प्रश्न असतोच. श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्राचा पृष्ठभाग पृथ्वीच्या आदर्श लंबगोलापेक्षा शंभरावर मीटर खाली आहे. जगातला तो सर्वात मोठा खळगा. पण तो गुरुत्वाकर्षणानंच केलेला असल्यामुळं पाण्याच्या लेखी ते समतलच आहे, आणि त्याच्यामुळं थेंबभरही पाणी हलत नाही. प्रवाह चालतो तो त्या समतलावरच्या वीतभर चढउतारावर. आम्ही हा गुरुत्वाचा आकार वजा केलेलीच उंची घेतली होती, त्यामुळं इथं फसलो नाही.

त्याच फाइलमध्ये तयार वेगही दिलेले असतात, पूर्व-पश्चिम एक आणि उत्तर-दक्षिण एक. मी मुद्दाम म्हणालो की ते बघायचे नाहीत, उंचीवरून स्वतः काढायचे. आयतं घेतलं तर शिकणार काय? ही माझी शिक्षकी हौस. घाट बरोबर होता, पण शेवटी ताळा म्हणून तरी ते रकाने उघडायला हवे होते. उघडले नाहीत.

कन्याकुमारी वर, कराची खाली

निलंग्याच्या मुलानं पहिल्यांदा उंचीचा नकाशा पडद्यावर काढला तेव्हा भारत उलटा उगवला. कन्याकुमारी वर, कराची खाली. कारण साधं आहे. फाइलमधली पहिली ओळ दक्षिणेची असते, आणि चित्र काढणारा आदेश पहिली ओळ वरती मांडतो. वर्गात हशा पिकला. त्यानं लगेच एक ओळ टाकली, जाळी खालीवर उलटवणारी. भारत सरळ झाला, मी शाबासकी दिली, आणि पुढचा सगळा हिशोब त्या उलटवलेल्या जाळीवर झाला.

आता उत्तर-दक्षिण उतार काढताना कोड काय करतो? खालच्या ओळीतून वरची वजा करतो आणि अंतरानं भागतो. खालची ओळ उत्तरेची आहे असं तो धरून चालतो. आमच्या उलटवलेल्या जाळीत ती दक्षिणेची झाली होती. म्हणजे उत्तर-दक्षिण उताराचं चिन्ह उलटं, आणि म्हणून पूर्व-पश्चिम वेगाचं चिन्हही उलटं. उत्तर-दक्षिण वेग मात्र बिनचूक.

दोन्ही चिन्हं उलटली असती तर प्रवाह पुरता उलटा, किनाऱ्यालगत ईशान्येला बंगालकडं निघाला असता आणि शेंबडं पोरही ओरडलं असतं. एकच उलटलं, तिथं घात झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आंध्रच्या किनाऱ्यालगतचा प्रवाह नैर्ऋत्येला, किनारा उजव्या हाताला धरून वाहतो. त्यातला फक्त पश्चिमेचा भाग पूर्वेचा केला की प्रवाह किनारा सोडून आग्नेयेला निघतो. म्हणजे थेट अंदमानच्या रोखानं.

त्या महिन्यांत किनाऱ्याकडं पाणी चढलेलं असतं आणि आत उतरलेलं. आमचे चुकलेले ठिपके चढाकडून उताराकडं, सरळ 'माथा ते पायथा' निघाले होते. औशात, निलंग्यात, चाकूरला पाणी जसं जातं तसंच. म्हणून कुणाचाच डोळा अडला नाही. मी तीन महिने शिकवत होतो की समुद्राचं पाणी असं जात नाही, आणि तेच पाणी पडद्यावर असं जाताना बघून मला बरं वाटत होतं. मला भूगोलाचा एवढाही पत्ता नव्हता असं नाही. पूर्व किनाऱ्याचा हिवाळी प्रवाह दक्षिणेला जातो हे मी कुठंतरी वाचलेलं होतं. पण पडद्यावर ठिपके दक्षिणेला सरकतच होते की, थोडे पूर्वेला झुकून! हलतं चित्र फार लवकर पटतं. बाणांचा स्थिर नकाशा असता तर कदाचित कुणीतरी बोट ठेवून 'हा बाण असा का' विचारलं असतं.

"पाणी सोमालियात घुसायलंय"

मार्चमध्ये औशाच्या मुलीला सेमिनार द्यायचा होता, विषय मॉन्सून. तिनं आमचाच कोड घेऊन जुलैचा अरबी समुद्र काढला. संध्याकाळी साडेपाचला फोन आला.

"सर, पाणी सोमालियात घुसायलंय."

"घुसतंय म्हणजे?"

"म्हणजे किनाऱ्याला लागून वर जायचं ते सोडून आत. जमिनीत. आणि मोठा भोवरा म्हणून तुम्ही सांगितला होता तो भोवराच नाही. फुली हाय."

दुसऱ्या दिवशी बघितलं. पावसाळ्यात सोमालियाच्या किनाऱ्यानं ईशान्येला जोरदार प्रवाह जातो. हिवाळ्यात तोच उलटून नैर्ऋत्येला वाहतो. ऋतूनुसार पूर्ण पलटणारे एवढे मोठे प्रवाह जगात दुसरीकडं सापडणं अवघड. त्या प्रवाहाच्या कुशीत, साधारण ५ ते १० अंश उत्तरेला, जूनपासून एक अजस्र भोवरा तयार होतो. त्याला ग्रेट व्हर्ल म्हणतात. पसारा चारपाचशे किलोमीटरचा, मधोमध पाणी उंच, आणि फिरणं घड्याळाच्या काट्याप्रमाणं.

पडद्यावर मात्र त्या जागी ईशान्येकडून आणि नैर्ऋत्येकडून ठिपके आत येत होते, आणि वायव्येला व आग्नेयेला बाहेर फेकले जात होते. वायव्येला सोमालियाच. घड्याळासारख्या फिरणाऱ्या भोवऱ्यात पूर्व-पश्चिम वेगाचं चिन्ह उलटवून बघा, नेमकी हीच फुली मिळते. भोवरा उलटा फिरू लागत नाही, तो मोडतो. ही गोष्ट मला त्या दिवसापर्यंत सुचली नव्हती.

मी तिला त्यावर उंचीच्या समोच्च रेषा काढायला सांगितल्या. त्या आल्या, एकात एक गोल, जशा टेकडीच्या असतात. आणि ठिपके त्या रेषा बिनधास्त कापत होते. ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दोन बाजूंनी टेकडीवर चढायलंय, दोन बाजूंनी उतरायलंय. चढायलंय म्हणजे तर सर, आपल्या शेताचा नियम पण लागू नाही अन् समुद्राचा पण नाही."

पुढचं अर्ध्या तासाचं काम. फाइलमधले तयार वेग उघडले. आडव्या अक्षावर त्यांचे, उभ्या अक्षावर आमचे, असे ठिपके मांडले. उत्तर-दक्षिण वेगाचे ठिपके खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात एका रेषेत चढले. पूर्व-पश्चिम वेगाचे त्याच शिस्तीत, पण वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली. आकडे तंतोतंत, फक्त उणे. निलंग्याचा मुलगा काही न बोलता कोडमध्ये वर गेला आणि त्यानं ती उलटवण्याची ओळ शोधून काढली. जाळीला हात न लावता चित्र काढणाऱ्या आदेशालाच 'पहिली ओळ खाली मांड' असं सांगता येतं. नकाशा सरळ, हिशोबही सरळ.

त्या ओळीवर मीच शाबासकी दिलेली होती, हे त्याच्या लक्षात होतं की नाही माहीत नाही. मी आठवण करून दिली.

एसटीच्या वेगानं पाणी

चिन्ह सुधारून बंगालचा उपसागर पुन्हा चालवला. ठिपके किनाऱ्यालगत नैर्ऋत्येला निघाले, चेन्नई ओलांडून श्रीलंकेच्या पूर्वेला पोचले, बेटाच्या दक्षिण टोकाशी वळले. आणि तिथं काही ठिपके बंदुकीच्या गोळीसारखे सुटले.

याचं कारण सूत्राच्या भागाकारात आहे. पृथ्वीच्या फिरण्याचा तो परिणाम विषुववृत्ताकडं जाताना कमी होत शून्यावर येतो, आणि आपण त्यानं भागतो आहोत. मघाचाच ढाळ, किलोमीटरला २ मिलिमीटर, घ्या. साडेपंधरा अंशावर सेकंदाला अर्धा मीटर. ५ अंशावर दीड मीटर. २ अंशावर जवळपास ४ मीटर. अर्ध्या अंशावर १५ मीटर, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर. लातूर-औसा रस्त्यावर एसटी त्या वेगानं जाते, समुद्र नाही. श्रीलंकेचं दक्षिण टोक ६ अंशाच्या जरासं खाली आहे. आमचे ठिपके नेमके त्या धोक्याच्या पट्ट्याच्या उंबऱ्यावरून जात होते.

विषुववृत्ताजवळ उताराऐवजी उतार कसा बदलतो ते घेऊन हिशोब करायची रीत आहे. ती आम्हाला पेलणारी नव्हती. म्हणून इथं मात्र आयतं घेतलं. नासाकडून ऑस्कर नावाचे तयार प्रवाह-नकाशे मिळतात. त्यांत उंचीवरून येणारा प्रवाह, वाऱ्यानं ढकललेलं पाणी आणि तापमानातल्या फरकाचा भाग असं एकत्र करून वरच्या ३० मीटरचा सरासरी वेग दिलेला असतो, आणि विषुववृत्ताचा पट्टाही हाताळलेला असतो.

वाऱ्याचा भाग आल्यावर आणखी एक फरक दिसला. उत्तरेत वाऱ्यानं ढकललेलं पाणी वाऱ्याच्या उजवीकडं झुकतं. नॉर्वेचा शोधप्रवासी नान्सेन यानं आर्क्टिकमध्ये हिमखंड तसे वाहताना पाहिले होते, आणि १९०५ मध्ये स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञ एकमननं त्याचं गणित मांडलं. ईशान्य मॉन्सूनचा वारा नैर्ऋत्येकडं वाहतो, त्याच्या उजवीकडं वायव्य, म्हणजे आपला पूर्व किनारा. नुसत्या उंचीच्या हिशोबात ठिपके किनाऱ्यापासून थोडे अलग चालत होते. ऑस्करवर चालवल्यावर ते किनाऱ्याला घासून चालू लागले. काही तर घासून तिथंच चिकटले, कारण जमिनीवरच्या रिकाम्या जागी आम्ही शून्य भरलं होतं. किनाऱ्याजवळच्या काही किलोमीटरांत रडारच्या परतीच्या स्पंदात जमीनही मिसळते, म्हणून तिथले आकडे असेही कच्चेच असतात. ते ठिपके आम्ही सोडून दिले.

आणखी एक सुधारणा केली. तिच्याबद्दल बोललं कमी जातं. इंटरनेटवर समुद्रप्रवाहांचे जे हलते देखणे नकाशे असतात, त्यांतले बरेचसे एका दिवसाचा गोठवलेला नकाशा घेऊन त्यावर ठिपके पळवतात. प्रवाह या क्षणी कुठं रोखलेला आहे हे त्यातून छान कळतं. पण थेंब दोन महिन्यांनी कुठं असेल ते कळत नाही, कारण दोन महिन्यांत खालचा नकाशाच बदललेला असतो. आमचं प्रदर्शनातलं चित्र याच जातीचं होतं. चिन्ह बरोबर असतं तरी 'पाणी कुठं जातं' याचं ते उत्तर नव्हतंच. आता रोजचा नकाशा रोज बदलत, सहा-सहा तासांच्या पावलांनी ठिपके पुढं नेले. पावलं मोठी घेतली तर भोवऱ्यातले ठिपके दर फेरीला थोडे बाहेर सरकतात आणि भोवरा गळका होतो. तेही करून बघितलं, गळत होता.

बाण आम्ही काढून टाकले. पाव अंशाला एक बाण म्हणजे नकाशावर नुसतं गवत उगवतं. इंद्रधनुषी रंगही काढले. पिवळ्या-हिरव्याच्या सीमेवर डोळ्याला एक कड दिसते, आकड्यांत ती नसते, आणि मुलं त्या कडेलाच प्रवाहाची हद्द समजत होती. आता एकच रंग, हळूहळू गडद होत जाणारा. वरून समोच्च रेषा पातळ करड्या, कायम ठेवलेल्या. ठिपका त्या रेषा आडव्या कापत पळताना दिसला की हात वर करायचा. वाऱ्यामुळं तो जरा तिरका होईल, पण सरळ काटकोनात जायला लागला तर काहीतरी बिघडलंय.

मग पाणी जातं कुठं

१ ऑक्टोबरला सोडलेले ठिपके एका जागी जात नाहीत. बरेचसे उपसागरातल्या भोवऱ्यांतच घुमत राहिले. त्या भोवऱ्यांना कसली घाई नसते. काही किनाऱ्याच्या प्रवाहात सापडून श्रीलंकेला वळसा घालून गेले. त्यांतले जे फार दक्षिणेला भरकटले ते विषुववृत्तावर पूर्वेला पळणाऱ्या झोतात सापडले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथं असा झोत असतो, समुद्रशास्त्रज्ञ क्लाउस विर्टकीनं १९७३ मध्ये तो दाखवून दिला. ते ठिपके सुमात्राच्या बाजूला निघून गेले. म्हणजे पूर्वेला जाणारे होतेच, पण आमच्या फ्लेक्सवरच्या वाटेनं नाही. उरलेले पश्चिमेला, लक्षद्वीपच्या समुद्रात. तिथं हिवाळ्यात भारताचा पश्चिम किनारा धरून उत्तरेला जाणारा प्रवाह असतो, आणि जानेवारीत मोजकेच ठिपके त्याला लागले.

ही वाट आमची कल्पना नाही. बंगालच्या उपसागरातलं नद्यांनी गोडावलेलं, कमी खारं पाणी हिवाळ्यात याच वाटेनं अरबी समुद्राच्या आग्नेय भागात उतरतं, हे समुद्रशास्त्रज्ञांनी खारेपणा मोजून दाखवलेलं आहे. आम्ही शेवटचा ताळा मोकळ्या सोडलेल्या तरंगकांशी घेतला. पंधरा मीटर खोल कापडी नळी लटकलेले हे गोळे पाण्याबरोबर वाहतात आणि त्यांच्या जागा उपग्रहाला कळतात. त्यांच्या नोंदी खुल्या आहेत. श्रीलंकेजवळून गेलेला एक तरंगक आमच्या ठिपक्यांच्या झुंडीतून गेला, मग तिला सोडून भलतीकडं वळला. मला ते समाधानकारक वाटलं. एक गोळा आणि एक झुंड अगदी जुळलीच असती तर मी पुन्हा कोड उघडला असता.

म्हणजे मांजरेचा एखादा थेंब पूर्वेला समुद्रात उतरून, श्रीलंकेला वळसा घालून, केरळच्या बाजूनं वर कोकणाकडं तोंड करू शकतो. जमिनीवरून साडेतीनशे किलोमीटरचा समुद्र, आणि थेंब एवढा मोठा फेरा मारून त्याच किनाऱ्याकडं निघालेला.

एप्रिलमध्ये नवं ॲनिमेशन स्टाफरूमच्या भिंतीवर लावून दाखवलं. जुनं फ्लेक्स उलटं करून कपाटावर टाकलंय, धूळ बसू नये म्हणून. मामाही बघायला आले होते. त्यांनी पूर्ण चालू दिलं, मग विचारलं, "हे एक तारखेलाच का सुटायलंय?"

मुलगी म्हणाली, "महिन्याची पहिली तारीख सोपी पडती, मामा."

"धरणाची दारं एक तारखेला उघडत नाहीत."

ते खरंच होतं. तिनं खडू घेतला आणि फळ्यावर थेंबाची वाट लिहायला लागली, प्रत्येक टप्प्याला किती दिवस ते शोधायचं म्हणून: धनेगावचं धरण, लातूरचे बंधारे, बिदर, सिंगूर, निजामसागर, कंदकुर्तीला गोदावरी, श्रीरामसागर, धवलेश्वरम, समुद्र. भारताची समुद्राची माहिती देणारी राष्ट्रीय संस्था, इन्कॉइस, हैदराबादला आहे, तिकडून काही आकडे मिळतील का असं मी म्हणत होतो. मामा फळ्यावर सिंगूरपाशी बोट ठेवून उभे होते.

"सर, ह्या धरणाचं पाणी हैदराबादवाले पितेत की. तुमचा ठिपका तर नळात जायलाय."